दोन कुलपांची होडी

जानेवारीची सतरा तारीख, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. तपासणीची फी दोन हजार चारशे रुपये, आगाऊ भरलेली, पावती माझ्या वरच्या खिशात. हजर माणसं तीन: तपासणीला आलेले साहेब, आमचे साडूभाऊ आणि मी. ठिकाण वडीगोद्रीच्या पुढं, गोदावरीचा काठ. हे इतकं नेमकं लिहितो आहे, कारण पुढचं ऐकून लोक माझ्याकडं संशयानं बघतात. आमचे साडूभाऊ हे सबंध मराठवाड्यातले सर्वांत सावध गृहस्थ आहेत. मी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, तीस वर्षं वजनाच्या नोंदी ठेवल्या आहेत, त्यामुळे ‘सर्वांत’ हा शब्द मी उगाच वापरत नाही. आणि या सर्वांत सावध गृहस्थांनी, ज्या गावापासून समुद्र पावणेचारशे किलोमीटरवर आहे त्या गावात राहून, शिडाची होडी विकत घेतली.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे यजमान. जुन्या जालन्यात त्यांचं बियाण्यांचं दुकान आहे. आता ते मुलगा बघतो. साडूभाऊ बघायचे तेव्हा दुकानाला रात्री तीन कुलपं असत, दुपारी जेवायला घरी जाताना दोन, आणि समोरच्या टपरीवर चहाला गेले तर एक. चहा पिताना कप ओठाला आणि नजर कुलपाला. लग्नात अक्षता पडताना सगळा मांडव वधूवरांकडं बघतो, हे आचाऱ्याच्या सिलिंडरकडं बघतात. गच्चीवरची पाण्याची टाकी बघायला शिडी चढायची असली, तर हेल्मेट घालून चढतात. देवळात गेले की एक चप्पल पूर्वेच्या दारात काढतात आणि दुसरी फुलवाल्याच्या टोपलीमागं ठेवतात. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, “चोराला जोड लागते, साडूभाऊ. एकीला कोण हात लावून राह्यलंय?” एका शनिवारी फुलवाला लवकर घरी गेला आणि टोपलीबरोबर चप्पलही गेली. साडूभाऊ एका पायात चप्पल घालून भर उन्हात दीड किलोमीटर चालत घरी आले. चेहऱ्यावर समाधान. “चोरी न्हाई झाली,” म्हणाले.

पण त्यांच्या सावधपणाचं मुख्य कलम म्हणजे दोन किल्ल्या. घरात जी मोलाची वस्तू असेल तिला दोन कुलपं लावायची, एकाची किल्ली त्यांच्याकडं आणि दुसऱ्याची अक्कांच्या कमरेला. “दोन्ही किल्ल्या एका माणसाच्या हातात द्यायच्या न्हाईत. बिलकुल न्हाई. मंग तो माणूस मी का असंना.” लग्न झाल्यापासून, म्हणजे चौतीस वर्षं, त्यांच्या घरातलं लोखंडी कपाट दोघांपैकी कुणीही एकट्यानं उघडलेलं नाही. एकदा अक्का भाचीच्या बाळंतपणासाठी आठवडाभर तिच्याकडं राहिल्या. इस्त्रीचे सगळे सदरे कपाटात. साडूभाऊ सात दिवस एका सदऱ्यावर दुकानात बसले, रोज रात्री तो धुऊन, पंख्याखाली वाळवून. पण कुलूप फोडलं नाही, आणि किल्ली मागवलीही नाही, कारण ती आणायची कुणाच्या हाती?

अशा माणसाला पाण्याची भीती असणारच. तीही अशी की नळाखालची बादली भरली तरी दोन पावलं मागं सरकतील. आणि या भीतीपायीच त्यांच्या आयुष्यातली एकमेव चूक घडली. त्यांचं मूळ गाव वडीगोद्रीच्या पुढं, गोदावरीच्या अलीकडं, अक्कांचं माहेर बरोबर समोर, पलीकडच्या तीरावर. नावेतून दहा मिनिटांचं पाणी. रस्त्यानं वळसा घातला तर बेचाळीस किलोमीटर. लग्न अक्कांच्या गावी लागलं. सगळं वऱ्हाड नावेतून गेलं, नवरदेव वळसा घालून. इथवर ठीक. परतताना नवरीला घेऊन नाव सुटायची वेळ झाली, सगळे बसले, सनईवाला बसला, आणि नवरदेवानं काठावरून एकदा पाण्याकडं बघितलं आणि म्हणाला, “तुम्ही व्हा पुढं. मी एसटीनं येतो.”

नवी नवरी अनोळखी सासूबरोबर नदी पार करून आली. दारात माप भरून ठेवलेलं, आरतीचं ताट तयार, आणि माप ओलांडायला नवरा नाही. एक गाडी चुकली, दुसरी उशिरा आली. अक्का बाहेरच्या ओट्यावर शालूत पावणेतीन तास बसून राहिल्या. गावातल्या बायका येऊन बघून जात. साडूभाऊ आले ते घामाघूम, मुंडावळ्या पिशवीत घातलेल्या. पहिलं वाक्य म्हणाले, “सुखरूप आलो.”

हे वाक्य अक्कांनी चौतीस वर्षं खाली पडू दिलेलं नाही. भाजी करपली की, “करपू द्या, सुखरूप आलात ना?” पाहुणे जमले की ही गोष्ट निघणारच. अक्का हसत सांगतात, ऐकणारे हसतात, साडूभाऊही हसतात. पण मी त्यांच्या शेजारी बसलेलो असतो, म्हणून मला ठाऊक आहे की ते हसताना सदऱ्याचं खालचं बटण फिरवत राहतात. फार वर्षांनी माझ्याकडं एकदाच बोलले. “एकडाव तिला त्याच पाण्यावरून न्यायचंय. मी संगं बसून. बस.”

आता तिथली नाव कधीच बंद झाली आहे. पूल झाले, बंधारा झाला. बंधाऱ्यामुळं हिवाळ्यात पात्र काठोकाठ भरलेलं राहतं, पण पार करणारं कुणी नाही. दुसऱ्या कुणी एखाद्या भोयाची होडी तासाभरासाठी सांगितली असती. साडूभाऊंनी सत्तावन्नाव्या वर्षी पोहणं शिकायला घेतलं. आठ वर्षांच्या पोरांच्या रांगेत, कमरेला एकाऐवजी दोन फुगे बांधून. अठ्ठावन्नाव्या वर्षी कोकणात जाऊन शीड हाकणं शिकून आले. आणि एकोणसाठाव्या वर्षी एका निवृत्त गृहस्थाची वीस फुटी जुनी यॉट घेऊन, ती ट्रकवर चढवून, डोलकाठी आडवी बांधून घाट चढवून आणली.

वर्षभर ती वडीगोद्रीला हायवेच्या कडेला, टायरच्या दुकानामागं चाकांच्या गाडीवर उभी होती. जाणारे-येणारे थांबून विचारत की हॉटेल कधी चालू होणार. साडूभाऊ तिथंच सराव करायचे. एकदा पोळ्यानंतरच्या वाऱ्यात शीड पूर्ण चढवलं आणि गाडीच्या चाकाखाली दगड लावायचा राहिला. होडी साडूभाऊंसकट बारा फूट चालत जाऊन शेजारच्या कपाशीत शिरली. मी टेपनं मोजलं आहे. शेतमालक धावत आला तर हे वरून सांगतात, “घाबरू नका, मी जॅकेट घालूनच आहे.”

एवढं झाल्यावर अक्कांना होडीत बसायचं विचारलं. अक्कांनी ऐकून घेतलं, भाकरी थापता थापता. म्हणाल्या, “तुमच्या भरवशावर मी न्हाई बसायची. एकडाव बसले. सरकारी माणसाकडून लिहून आणा का ही होडी बराबर आहे. मंग बसते. तोवर पाण्याजवळ पाय ठेवायची न्हाई.” चौतीस वर्षांचा सहवास, सावधपणा त्यांनाही लागलाच होता. आणि एक गोष्ट त्यांनी बोलून दाखवली नाही, ती माझ्या बायकोनं मला सांगितली. अक्कांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन उन्हाळ्यात ठरलं होतं. नंतर डुलत्या होडीत पाय टाकता येईल की नाही, डॉक्टर काही नक्की सांगत नव्हते. म्हणजे यंदाचाच हिवाळा.

तपासणीच्या कागदावर सुरक्षेच्या सामानाची सतरा कलमं होती. यादी सांभाळायचं काम माझ्याकडं आलं. साडूभाऊंनी सतराची एकसष्ट केली. एक नांगर हवा तर दोन घेतले. उपसायला एक बादली हवी तर चार. आवाजाच्या खुणेसाठी शिट्टी पुरे होती. त्यांनी शिट्टी, भोंगा, देवघरातली घंटा आणि बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ असं सगळं आणलं. “धुकं पडलं तर?” जालना जिल्ह्यात, भर दुपारी. मला शंका आली म्हणून मी प्रत्येक वस्तू मोंढ्यातल्या काट्यावर घालून वजन केलं. बेरीज तीनशे अठरा किलो. होडी साधारण साडेचारशे किलो नेणार. मी कागद त्यांच्यापुढं ठेवला. “साडूभाऊ, वाचवायचं सामान इतकं झालंय की वाचवायच्या माणसांना जागा उरली नाही. दोघंच बसतील, त्यातलं एक बारीक पाहिजे.” त्यांनी बोट ठेवून बेरीज पुन्हा केली. मग म्हणाले, “ही बारीकच आहे.” शेवटी एकेक वस्तू माझ्याशी भांडून उतरवली. घुंगरमाळेसाठी दोन दिवस गेले.

आता सतरा तारीख, होडी काठाला आणून लावलेली. साहेब कोकणातले, बोलायला मोकळे. उतरल्या उतरल्या म्हणाले, “आयुष्यात पहिल्यांदाच समुद्राकडं पाठ करून होडी बघायला आलो.” मग वेळ सांगितली: साडेबाराला निघणार, परतीची गाडी आहे, आणि पुन्हा या बाजूला पावसाळ्यापूर्वी येणं नाही. दोर बघितले, गाठी बघितल्या, नांगर बघितला, शिडाची शिवण बघितली. सगळ्याला मान डोलावली. मी एकेका कलमापुढं खूण करत होतो आणि साडूभाऊ लग्नाच्या मुलीच्या बापासारखे हात जोडून उभे होते. मग साहेब म्हणाले, “आता लाइफ जॅकेट, आग विझवायचं नळकांडं आणि प्रथमोपचार. काढा.”

सामान होडीतच होतं. तळाला नटबोल्टनं बसवलेल्या लोखंडी पेटीत. पेटीला दोन कुलपं.

साडूभाऊंनी खिशातून किल्ली काढून एक कुलूप उघडलं. मग तसेच बसून राहिले. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं, आणि मला एकदम समजलं की दुसरी किल्ली या क्षणी जुन्या जालन्यात, पंचावन्न किलोमीटरवर, अक्कांच्या कमरेला आहे. गेल्या वर्षभरात त्यांनी जेव्हा जेव्हा पेटी उघडली, तेव्हा अक्का स्वतः किल्ली घेऊन टायरच्या दुकानामागं आल्या होत्या. आज पहाटे सगळं आठवलं, अक्कांची किल्ली तेवढी सोडून.

“तोडून टाकू?” मी म्हणालो.

“तुटायचं न्हाई,” साडूभाऊ म्हणाले. आवाजात अजूनही थोडा अभिमान होता.

फोन लावला. अक्कांचा आवाज मला तीन हातांवरून ऐकू येत होता. “म्हंजी? तपासायला साहेब आलेत आन् पेटी बंद? ... मंग मी काय करू? ... मी पाण्याजवळ यायची न्हाई म्हन्ले होते का न्हाई?”

“पाण्याजवळ नको येऊ. काठावर ये,” साडूभाऊ म्हणाले. “जल्दी.”

“किल्ली कुणाच्या हाती पाठवून देऊ का?”

साडूभाऊंनी डोळे मिटले. घड्याळात नऊ पन्नास झाले होते. “न्हाई,” म्हणाले. “कुणाच्या हाती न्हाई. तूच ये.”

मी त्या वेळी मनात बरंच वाईट बोललो. नंतर वाटलं, बरं झालं.

दोन तास साहेब लिंबाखाली बसून शेंगा खात होते. साडूभाऊ होडीत, पेटीच्या शेजारी, बंद कुलपावर हात ठेवून. मी दर दहा मिनिटांनी रस्त्यावर जाऊन येत होतो. अकरा, साडेअकरा. साहेबांनी एकदा घड्याळ बघितलं आणि बघितलेलं मला दिसू नये म्हणून नदीकडं मान वळवली. चांगला माणूस होता. अकरा बावन्नला शेजाऱ्यांची जीप धूळ उडवत आली. आधी माझी बायको उतरली, मग अक्का, एकेक गुडघा हातानं धरून. काठापासून दहा पावलांवर थांबल्या. पाण्याकडं बघितलं. मग साडूभाऊंकडं.

“सुखरूप आले,” म्हणाल्या.

अक्कांच्या देखत माझ्या बायकोनं त्यांची किल्ली लावली, परत त्यांच्या हातात दिली, आणि पेटी उघडली. सरावाचं जुनं जॅकेट वेगळं; आत तपासणीसाठी घेतलेली नवी जॅकेटं, दुकानातून आणली तशीच प्लॅस्टिकमध्ये, किमतीच्या चिठ्ठीसकट, घडीघडीत डांबराच्या गोळ्या. साहेब शिंकले. “हे प्लॅस्टिक?” “नवी हायेत ना साहेब, खराब व्हत्याल,” साडूभाऊ म्हणाले. नळकांड्याला दसऱ्याच्या पूजेचं हळदीकुंकू होतं आणि ओढायच्या कडीभोवती लाल धाग्याचे सात वेढे. साहेबांनी कडी ओढून बघितली, हलेना. अक्का पुढं झाल्या आणि धागा दातानं तोडला. त्या पुढं झाल्या म्हणजे होडीपर्यंत आल्या होत्या. हे त्यांच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं.

“एका मिनिटात जॅकेट घालून दाखवा,” साहेब म्हणाले. मी घड्याळ लावलं. साडूभाऊंना तीन मिनिटं दहा सेकंद लागली आणि एक पट्टा पाठीमागं राहिला. अक्कांनी उगाच, बघू या म्हणून, दुसरं उचललं. पदर खोचला, पट्टे ओढले, बावन्न सेकंदांत उभ्या.

मला वाटलं झालं. पण साहेबांनी पेन बंद केलं. “सामान उत्तम आहे. एवढं नीट सामान मी बंदरावरसुद्धा बघत नाही. पण सही देता येणार नाही. होडी बुडायला लागली आणि बाई घरी असल्या, तर जॅकेट कुठून काढणार? पेटीला कुलूप चालणार नाही. फक्त कडी.”

“कुलूप काढलं तर चोरीला जात्याल, साहेब.”

“जाऊ द्या की. तो चोर तरी बुडणार नाही.”

बारा वाजून सोळा मिनिटं. साडूभाऊ जॅकेट घालून, पाठीमागचा पट्टा लोंबत, दोन कुलपं दोन हातांत घेऊन उभे. वाऱ्यानं शिडाचा दोर डोलकाठीवर टकटक करत होता. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो. हा माणूस होडी विकेल, पण पेटी उघडी ठेवणार नाही, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं.  चौतीस वर्षांत पहिल्यांदा अक्कांनी टोमणा मारला नाही.

साडूभाऊंनी दोन्ही कुलपं माझ्या बायकोकडं दिली. मग खिशातली आपली किल्ली काढली, जरा वेळ तिच्याकडं बघितलं आणि अक्कांच्या तळहातावर ठेवली. अक्कांची स्वतःची किल्ली तिथं आधीच होती. दोन्ही एका हातात.

“ऱ्हाऊ दे तुझ्याकडं,” म्हणाले.

बारा वाजून बावीस मिनिटांनी सही झाली. माझा जीव भांड्यात पडला, आणि तो पडल्याचा आवाज साहेबांनाही आला असावा, कारण त्यांनी मला शेंगा देऊ केल्या.

त्या दुपारी आम्ही निघालो. माझी बायको कुलपं घेऊन काठावर थांबली. कागद अक्कांनी स्वतः दोनदा वाचला, घडी करून पिशवीत ठेवला, आणि साडूभाऊंच्या खांद्यावर हात देऊन होडीत पाय टाकला. मी मागच्या बाजूला बसलो. वारा मंद होता आणि नेमका समोरून. दहा मिनिटांच्या पाण्याला साडूभाऊंनी डावीउजवीकडं आडवं जात जात सत्तेचाळीस मिनिटं घेतली. अक्का म्हणाल्या, “एसटीनं लवकर पोचलो असतो.” साडूभाऊ म्हणाले, “बोलू नको. वारं बघून राह्यलो.” दोर त्यांनी एकदाही सोडला नाही. मध्यावर अक्कांनी पिशवीतून काहीतरी काढून पुढं केलं. “घ्या, नावेचं भाडं.” साडूभाऊंनी मान हलवली. “पोचल्याबिगर न्हाई.”

पलीकडचा जुना घाट आता पाण्याखाली आहे. वरच्या दोन पायऱ्या तेवढ्या दिसतात. अक्कांचे भाऊ शहरात गेले, घर विकलं गेलं, वाट बघत कुणी उभं नव्हतं. फक्त एक म्हैस पाण्यात बसली होती आणि तिनंही मान वळवली नाही. साडूभाऊंनी होडी पायरीला अगदी हळू टेकवली. अक्का उतरल्या नाहीत. बसल्या जागेवरून वाकून त्यांनी पायरीवरचं पाणी बोटांनी डोळ्यांना लावलं आणि बराच वेळ वरच्या वाटेकडं बघत राहिल्या. तेवढ्यात साडूभाऊंनी जॅकेटच्या खिशातून त्या दिवशीच्या मुंडावळ्या काढल्या, पिवळ्या पडलेल्या. कपाळाला बांधल्या नाहीत, नुसत्या हातात धरून बसले. चौतीस वर्षं त्या कुठल्या कुलपात होत्या, मी विचारलं नाही.

“झालं,” अक्का म्हणाल्या. “चला आता.” आणि पुन्हा हात पुढं केला.

साडूभाऊंनी या वेळी पैसे घेतले. पेटीचं झाकण उघडलं, मुंडावळ्या आणि पैसे आत ठेवले, झाकण लावलं, कडी घातली. हात सवयीनं खिशाकडं गेला, आणि तसाच परत येऊन दोरावर बसला.

त्या दिवसाची नोंद माझ्या वहीत आहे. तपासणीची फी दोन हजार चारशे, पावतीसह. नावेचं भाडं अकरा रुपये: अक्कांनी दिले, साडूभाऊंनी घेतले, पैलतीरावर, पोचल्यानंतर.